क्रँक सेन्सरचा लपंडाव: मधूनच येणारा वायरिंगचा दोष कसा पकडायचा

गाडी चालता चालता बंद पडते. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये चालू होते. गॅरेजला नेली की दिवसभर शहाण्यासारखी चालते. स्कॅनर लावला तर क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय हे सांगणाऱ्या सेन्सरचा, दोष-कोड निघतो, सेन्सर बदलला जातो, आठवडाभर सगळं ठीक असतं आणि मग पुन्हा तेच. साताऱ्यात असं दुखणं घेऊन या गॅरेजवरून त्या गॅरेजवर फिरणारे बरेच भेटतात. बहुतेकांचा एक सेन्सर बदलून झालेला असतो आणि दुसरा मागवलेला असतो.

चूक होते ती क्रमात. दोष हजर असताना कुणी काही मोजलेलं नसतं, आणि मोजायच्या आधीच कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, काढून परत लावलेला असतो. कपलर काढताना-घालताना पिनेवरचा गंज खरवडला जातो, काही दिवस संपर्क चांगला मिळतो, आणि श्रेय नव्या सेन्सरला जातं. म्हणून इथे कपलर उघडण्याचं काम मुद्दाम सातव्या टप्प्यावर ठेवलं आहे. उदाहरण क्रँक सेन्सरचं घेतलंय, कारण तो गेला की गाडी थेट बंदच पडते. कॅम, कूलंट किंवा थ्रॉटल सेन्सरचा दोष असला तरी क्रम हाच.

## तयारी

मल्टीमीटर चांगला घ्या. किमान-कमाल आकडा धरून ठेवणारा, म्हणजे मिन-मॅक्स बटण असलेला. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीने नोंदलेले दोष वाचणारा) आणि मोबाईलवरचं ॲप सुरुवातीला पुरतं. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली सोळा पिनांचा ओबीडी सॉकेट असतोच. बाकी साहित्य घरातलंच: कपलरच्या मागून घालायला पातळ टाचण्या, हेअर ड्रायर, झाडांवर मारायचा पाण्याचा फवारा, टॉर्च, छोटा आरसा आणि वायरी जोडलेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.

सगळ्यात महत्त्वाचा आहे वायरिंग डायग्राम. तो तुमच्याच मॉडेलचा, त्याच इंजिनाचा आणि त्याच वर्षाचा हवा. बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या नियमांच्या दोन पिढ्या) गाडी बाहेरून जुळी दिसली तरी ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, पिना वेगळ्या असू शकतात. डायग्राम नसेल तर सहाव्या टप्प्याच्या आत शिरू नका. वायरचा रंग बघून अंदाज बांधणं हा ईसीयू जाळायचा खात्रीचा मार्ग आहे.

आणि सोबत एक माणूस हवा. एकट्याने एका हाताने वायर हलवत दुसऱ्या डोळ्याने मोबाईल बघणं जमत नाही.

सावधान: डिझेल गाडी असेल तर इंजेक्टरच्या लोखंडी पाइपांना पाना लावायचा नाही. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, १,००० बारच्या वर दाब असतो, ती धार कातडीत शिरते. पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर लावू नका. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो, तेव्हा बाह्या आणि ओढणी आवरून कामाला लागा.

## टप्पा १: पाना नंतर, आधी वही

दोष कधी येतो हे नीट लिहून काढलं की तपासायची जागा निम्मी होते. गाडी रोज चालवणाऱ्यालाच विचारा. मालक वेगळा आणि ड्रायव्हर वेगळा असेल तर ड्रायव्हरला.

तापल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर चालू होते, असं असेल तर संशय सेन्सरच्या आतल्या तारेवर किंवा सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून गेलेल्या वायरवर. पावसात किंवा गाडी धुतल्यावर होत असेल तर कपलरच्या रबरी सीलवर. खड्डा, स्पीडब्रेकर किंवा खडबडीत रस्त्यावर होत असेल तर तुटत आलेली वायर, सैल पिन किंवा सैल अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारा जोड. एसी, हेडलाइट आणि पंखा एकदम चालू झाल्यावर होत असेल तर आधी बॅटरी आणि अर्थ बघा, सेन्सर नंतर.

तापण्याच्या बाबतीत एक गल्लत हमखास होते. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढताय, पुढे ट्रकची रांग आहे, दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चाललाय. तापमानाचा काटा मधोमध आहे, म्हणून लोक म्हणतात गाडी तापलेली नव्हती. काटा कूलंटचं तापमान दाखवतो. बॉनेटखालच्या हवेचं नाही. वारा न मिळाल्याने खाली कोंडलेली हवा बरीच जास्त तापलेली असते. क्रँक सेन्सर बऱ्याच गाड्यांत अगदी खाली, गिअरबॉक्सच्या तोंडाशी किंवा पुढच्या पुलीजवळ बसवलेला असतो. त्याला ही झळ थेट लागते.

मग गाडीवर अलीकडे काय काम झालं ते लिहा. क्लच प्लेट बदलली का? गिअरबॉक्स उतरवून चढवताना सेन्सरची वायर चिमटीत सापडणं नेहमीचं आहे. सीएनजी किट बसवलं का? किटवाले मूळ वायर सोलून त्यावर जोड देतात आणि वरून काळी टेप गुंडाळतात. रिमोट लॉक, जीपीएस, म्युझिक सिस्टिम, यातलं काहीही नवीन असेल तर तारखेसकट लिहून ठेवा. दोष सुरू झाल्याची तारीख त्या तारखेच्या मागेपुढे असेल तर पहिली तपासणी तिथेच.

कराड, वाळवा या उसाच्या पट्ट्यात गाडी शेताकडेला उभी राहत असेल तर उंदराला विसरू नका. तोडणी सुरू झाली की उसातले उंदीर गरम बॉनेटकडे वळतात. वायरीवर दातांच्या दोन समांतर खुणा आणि आसपास बारीक लेंड्या दिसल्या की वेगळा पुरावा लागत नाही. आणि गाडी जुनी, सांगलीकडून घेतलेली असेल तर ती २०१९ किंवा २०२१ च्या पुरात होती का, हे एकदा पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. पट्ट्यावर गाळाची रेघ किंवा सीटच्या रुळांवर आतून गंज असेल तर एखादा कपलर साफ करून भागणार नाही. पुराचं पाणी वायरीच्या आतून चढतं आणि तांबं वर्षानुवर्षं कुजत राहतं.

तपासा: "मधूनच बंद पडते" एवढंच वहीत असेल तर पुढे जाऊ नका. वेळ, तापमान, रस्ता आणि आधी झालेलं काम, या चारही गोष्टी आल्या पाहिजेत.

## टप्पा २: कोड जपा, पुसू नका

बॅटरीची तार काढण्याआधी स्कॅनर लावा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढा. चालू कोड, पेंडिंग कोड (दोष दिसलाय, पण डॅशबोर्डवरचा दिवा अजून लागलेला नाही असे) आणि फ्रीझ फ्रेम, तिन्ही. फ्रीझ फ्रेममध्ये दोष नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, वेग आणि कूलंटचं तापमान असतं. तुमच्या वहीतल्या नोंदीशी ते ताडून बघा. बऱ्याच गॅरेजमध्ये पहिलं काम कोड पुसण्याचं होतं आणि त्याबरोबर हा सगळा ऐवज जातो.

क्रँक सेन्सरसाठी नेहमी भेटणारे तीन कोड: पी०३३५ म्हणजे सर्किटमध्ये दोष, पी०३३६ म्हणजे सिग्नल येतोय पण अपेक्षेप्रमाणे नाही, पी०३३९ म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतोय. कॅम सेन्सरसाठी पी०३४० आणि पी०३४४. कोड सांगतो तो सर्किटचा दोष. सर्किट म्हणजे सेन्सर, दोन-तीन वायरी, दोन कपलर, ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि ईसीयूची पिन. यातली एकच वस्तू दुकानात खोक्यात मिळते म्हणून तीच बदलली जाते.

एकदम दोन-तीन सेन्सरचे कोड आले तर खूश व्हा, काम सोपं झालं. तीन सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. त्यांच्यात सामायिक काय आहे ते डायग्रामवर शोधा: बहुधा ५ व्होल्टची एक लाइन किंवा एक अर्थ. पी०६४२ किंवा पी०६४३ सोबत असेल तर ती ५ व्होल्टची लाइनच खाली-वर होते आहे. त्या लाइनवरचा एखादा भलताच सेन्सर, उदाहरणार्थ एसीच्या दाबाचा, आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो आणि नाव क्रँकचं होतं.

कूलंट सेन्सरच्या बाबतीत तर लाइव्ह डेटाच बोलतो. मे महिन्यातल्या दुपारी स्क्रीनवर इंजिनाचं तापमान उणे ४० अंश दिसलं तर वायर कुठेतरी उघडी, म्हणजे तुटलेली आहे. उलट गार इंजिनावर १३०-१४० च्या घरातला आकडा दिसला तर सिग्नलची वायर अर्थला टेकते आहे.

## टप्पा ३: बॅटरी आणि अर्थ

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो गाळतात. करायला पंधरा मिनिटं लागतात.

रात्रभर उभी असलेली बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवायला हवी. सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. नव्या गाड्यांत ईसीयू स्वतः अल्टरनेटर कमी-जास्त करतो, तेव्हा त्या काही वेळ यापेक्षा कमी आकडा दाखवतील.

आता अर्थ. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर टेकवू नका, कारण खुंटी आणि क्लॅम्प यांच्यातला गंजही मोजायचा आहे. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. जोडीदाराला सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत आकडा राहिला तर ठीक. ०.५ च्या वर गेला तर इंजिनाची अर्थ पट्टी काढा, दोन्ही टोकं घासून स्वच्छ करा आणि परत आवळा. मग हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर चालू करून बॉडीच्या अर्थचंही तसंच मोजा, तिथे ०.१ व्होल्टच्या वर जायला नको.

इथे ओहम मोजून भागत नाही. जाड केबलच्या शेकडो तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो, कारण मीटर अगदी नगण्य करंट पाठवतो. सेल्फचा करंट आला की ती एक तार काय करणार? म्हणून अर्थ आणि पुरवठ्याच्या जाड वायरी ओझ्याखालीच तपासायच्या. मेन रिलेकडून, म्हणजे ईसीयूला वीज सोडणाऱ्या स्विचकडून, येणारी १२ व्होल्टची वायर संशयित असेल तर तिच्यावर २१ वॅटचा बल्ब पेटवून बघा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. प्रकाश मंद पडला किंवा वायर हलवल्यावर लुकलुकला तर दोष सापडला.

सावधान: हा बल्ब सेन्सरच्या ५ व्होल्टच्या किंवा सिग्नलच्या वायरला कधीही लावायचा नाही. ईसीयूच्या आतला पुरवठा तेवढ्या करंटसाठी नसतो.

## टप्पा ४: दोष मुद्दाम आणा, आणि बंद पडतानाचा क्षण वाचा

खरी किल्ली या टप्प्यात आहे. स्कॅनर लावून, ॲपवर आरपीएमचा आलेख चालू ठेवून, वहीतल्या परिस्थितीसारखीच परिस्थिती तयार करा. गाडी एकाने चालवायची, दुसऱ्याने फक्त स्क्रीन आणि मीटरचा काटा बघायचा. साताऱ्यात यासाठी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट सोयीचा: चढ आहे, वळणं आहेत, इंजिन तापतं आणि वेग कमी राहतो. कास पठार फुलांनी भरलेलं असताना मात्र तिकडे फिरकू नका, त्या गर्दीत गाडी बंद पडली तर शिव्या खाल. सांगलीकरांना घाट नाही. त्यांनी भर दुपारी एसी लावून गाडी अर्धा-पाऊण तास जागेवर चालू ठेवावी आणि मग गल्लीबोळातून हळू फिरवावी.

सावधान: हायवेवर किंवा खंबाटकीत ही चाचणी घेऊ नका. इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये एखाद-दोन दाबांपुरतीच मदत शिल्लक राहते. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही, स्टीअरिंग लॉक होतं.

गाडी बंद पडली त्या क्षणी काय दिसलं, यावरून तीन वाटा फुटतात.

पहिली वाट: गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सोडलेला आहे, चाकं अजून इंजिन फिरवतायत, हिसके बसतायत, आणि तरी आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर पडला. इंजिन फिरतंय आणि ईसीयूला ते दिसत नाही. क्रँकचा सिग्नल तुटला. आता पुढचे टप्पे तुमच्यासाठीच. ऑटोमॅटिक गाडीत हे लक्षण वापरता येत नाही, कारण तिथे चाकं इंजिनाला असं फिरवत ठेवत नाहीत. तिथे बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच, तर निष्कर्ष तोच.

दुसरी वाट: आरपीएमबरोबर स्कॅनरचा संपर्कही तुटला, "ईसीयू सापडत नाही" असं ॲप म्हणू लागलं. मग ईसीयूचाच पुरवठा गेलाय. मेन रिले, तिचा फ्यूज, रिलेच्या पायाखालच्या सैल पिना, ईसीयूचा अर्थ, इग्निशन स्विच हे बघा. सेन्सर निर्दोष आहे. इथे शंभर सेन्सर बदलले तरी फरक पडणार नाही.

तिसरी वाट: आरपीएम हळूहळू, धापा टाकत उतरले. तिथे डिझेल-पेट्रोलचा पुरवठा, फिल्टर, पंप किंवा हवेचा मार्ग तपासा. हा लेख बाजूला ठेवा.

एक मर्यादा लक्षात घ्या. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर सेकंदाला थोडेच आकडे वाचतो. सिग्नल काही मिलिसेकंदच तुटला, गाडीने नुसता एक हिसका दिला, तर आलेखात काहीच दिसणार नाही. आलेख सरळ आहे म्हणून सेन्सरला सोडून देऊ नका. आलेखात खड्डा दिसला तर तो पुरावा. नाही दिसला तर काहीच सिद्ध होत नाही.

## टप्पा ५: उभ्या गाडीवर उष्णता, पाणी, हात

पहिली वाट निघाली असेल तर गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन जागेवर चालू. जोडीदार आरपीएमकडे कान आणि डोळे लावून बसेल.

आधी हात. सेन्सरपासून सुरुवात करून ईसीयूकडे जा. एका वेळी एकच वीतभर तुकडा हलवायचा. सगळी वायरिंग मुठीत धरून गदागदा हलवली तर इंजिन बंद पडेल खरं, पण कुठल्या जागेमुळे ते कळणार नाही. उलट दोष दबून बसायची भीती. थांबायच्या जागा ठरलेल्या: कपलरच्या मानेशी वायर वळते तिथे, लोखंडी क्लिपखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, आणि इंजिनावरून बॉडीवर वायरिंग उडी मारते त्या झोळात. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, त्यामुळे त्या झोळातली वायर वर्षानुवर्षं वाकत राहते आणि वरचं प्लास्टिक शाबूत असताना आतलं तांबं तुटतं. बोटांनी चाचपलं तर एका ठिकाणी वायर दोरीसारखी मऊ लागते. दोन्ही बाजूंनी हळूच ताण दिला की तेवढाच भाग रबरासारखा लांबतो.

हाताने काही निघालं नाही तर उष्णता. हेअर ड्रायर सेन्सरवर पाच-सात मिनिटं धरा. रंग काढायची हीट गन नको, तिने कपलर वितळतो. बंद पडलेल्या गरम गाडीवर याच्या उलट करता येतं: गार पाण्यात पिळलेला फडका फक्त सेन्सरवर दाबून धरा आणि सेल्फ मारा. दोन मिनिटांत चालू झाली आणि असंच दोन-तीनदा जमलं, तर सेन्सर आतूनच तापल्यावर उघडा पडतोय. हा फडका सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला लागू देऊ नका, आणि फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा.

शेवटी पाणी. फवाऱ्याने कपलरवर आणि वायरिंगवर धुकं मारा, पाइपाने धार नाही. मीठ वगैरे घालू नका, काही जण घालतात. इग्निशन कॉइल आणि ईसीयू टाळून.

तपासा: कुठल्याही एका कृतीने दोष आला, तर तीच कृती थांबवून पुन्हा करा. दोनदा तीच जागा, तोच परिणाम मिळाला तरच जागा पक्की समजा. लगेच खडूने खूण करा आणि फोटो काढा.

## टप्पा ६: कपलर न काढता मोजमाप

टाचणी कपलरच्या मागून, वायरच्या कडेने, रबरी सीलमधून सरकवायची. वायरचं प्लास्टिक टोचून मोजायची सवय वाईट. ते बारीक भोक दिसत नाही, पण पावसाळ्यात त्यातून पाणी शिरतं आणि वर्षभराने तिथेच हिरवं पडतं.

आधी सेन्सर कुठल्या जातीचा आहे ते डायग्रामवरून ठरवा. दोन वायरींचा बहुधा तारेच्या गुंडाळीचा, म्हणजे इंडक्टिव्ह असतो. तीन वायरींचा बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला. पण नुसत्या वायरी मोजून ठरवू नका, इंडक्टिव्ह सेन्सरलाही शिल्डची, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणाऱ्या जाळीची, तिसरी वायर असू शकते.

इंडक्टिव्ह सेन्सरला बाहेरून पुरवठा लागत नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारला की साधारण अर्धा व्होल्ट किंवा जास्त मिळायला हवा, आणि आरपीएमबरोबर तो वाढत जातो. गुंडाळीचा रोध बहुतेक गाड्यांत काहीशे ते दीड हजार ओहमपर्यंत असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला धरा. रोध मोजायला मात्र कपलर काढावा लागतो, तेव्हा ते पुढच्या टप्प्यात. मोजताना सेन्सर गार आणि गरम, दोन्ही वेळा मोजा. गरम झाल्यावर आकडा थोडा वाढतो, ते साहजिक आहे. अचानक अनंत झाला तर सेन्सर गेला.

हॉल सेन्सरला तीन गोष्टी लागतात: पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. पुरवठा ५ किंवा १२ व्होल्ट, गाडीप्रमाणे. सेन्सरचा अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टच्या आत. मीटर मिन-मॅक्सवर टाकून ही दोन्ही मापं दोष येईपर्यंत लावून ठेवा. इंजिन बंद पडलं आणि पुरवठ्याचा किमान आकडा खाली गेलेला दिसला, तर सेन्सर निर्दोष सुटला, वायर सापडली. पुरवठा आणि अर्थ दोन्ही पक्के असताना फक्त सिग्नल गेला, तर दोष सेन्सरमध्ये, सिग्नलच्या वायरमध्ये किंवा सेन्सरसमोर फिरणाऱ्या दातांच्या चकतीत. तेच माप ईसीयूच्या टोकाला घ्या: सेन्सरपाशी सिग्नल आहे आणि ईसीयूपाशी नाही, तर मधली वायर.

सावधान: हॉल सेन्सरचा रोध ओहममध्ये मोजायचा नसतो. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, मिळणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

शक्य असेल तर ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. स्कोपवर एक-एक दात दिसतो आणि एखादा दात गळाला तर लगेच कळतं. माझ्या मते तासभराच्या स्कोपचे पैसे दुसऱ्या सेन्सरपेक्षा नेहमीच चांगले.

## टप्पा ७: आता कपलर उघडा

इग्निशन बंद. कपलरची लॉकची जीभ दाबून सरळ ओढा, वायरीला धरून ओढू नका. पहिल्यांदा काहीही न पुसता टॉर्च मारून आत बघा आणि फोटो काढा.

हिरवट पांढरी पूड म्हणजे पाणी. काळसर डाग म्हणजे सैल पिनेतली ठिणगी. तेल दिसलं तर नीट थांबून विचार करा. इंजिन ऑइल गळक्या सेन्सरमधून आत शिरतं आणि दिव्याच्या वातीसारखं वायरीच्या तारांमधून चढत चढत थेट ईसीयूच्या कपलरपर्यंत जाऊ शकतं. कॅम सेन्सरच्या बाबतीत हे जास्त बघायला मिळतं. अशा वेळी सेन्सर बदलून फक्त इकडचं टोक पुसलं तर अर्धंच काम झालं, ईसीयूचा कपलरही उघडून बघावा लागतो.

मग पिनेची पकड. मादी पिनेत त्याच मापाची नवी नर पिन घालून उलटी धरा. ती आपल्या वजनाने सुळकन निसटली तर पकड गेली. ही चाचणी फार कमी जण करतात, आणि मधूनच येणाऱ्या दोषांत सैल पिन हे अगदी ठळक कारण आहे. मीटरची जाड पिन कपलरच्या तोंडात खुपसून मोजलं की पिन पसरते आणि हा दोष आपणच तयार करतो.

साफसफाई कॉन्टॅक्ट क्लीनरने करा. पॉलिश पेपर नको, पिनेवरचा मुलामा निघून जातो आणि गंज दुप्पट वेगाने परत येतो. पिन काळी-हिरवी पडून खड्डे पडले असतील तर तीच पिन बदला. ग्रीस लावायचं तर डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं, तेही रबरी सीलवर बोटाने पुसटसं. कपलर ग्रीसने लिंपून ठेवू नका.

## टप्पा ८: सेन्सरचं टोक आणि दात

पी०३३६ असेल तर हा टप्पा टाळू नका. सेन्सर उतरवून टोक बघा. इंडक्टिव्ह सेन्सरच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर लोखंडाचा बारीक कीस जमतो आणि सिग्नल बिघडतो. पुसून काढा. कीस भरपूर असेल तर तो आला कुठून, हा वेगळा आणि जास्त महागाचा प्रश्न आहे.

टोक आणि दातांमधली फट बऱ्याच गाड्यांत अर्धा ते दीड मिलिमीटर असते. बसवताना खाली जुनी ओ-रिंग चिकटलेली राहिली किंवा कुणी जादा वॉशर घातला तर फट वाढते. मग कमी आरपीएमवर, नेमकं सेल्फ मारतानाच, सिग्नल अपुरा पडतो. आरसा आणि टॉर्च घेऊन दातांची चकतीही फिरवून बघा. कितीतरी गाड्यांत ६० दातांच्या जागेतून २ दात मुद्दाम काढलेले असतात, त्या रिकाम्या जागेला तुटका दात समजून बसू नका.

## टप्पा ९: दुरुस्ती

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर घाला. दोन-तीन वायरी एकत्र जोडायच्या असतील तर जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका, एक पुढे, एक मागे. प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. साधी काळी टेप इंजिनाच्या उष्णतेत चिकट होऊन सुटते, ती शेवटचा थर म्हणूनही नको. सोल्डर केलं तर जोडाच्या लगतची वायर कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते, म्हणून जोड हलत्या झोळात ठेवू नका, क्लिपपाशी आधार देऊन बांधा.

क्रँक सेन्सरच्या दोन वायरी मूळच्या पिळलेल्या असतील तर नव्याही पिळा. शिल्डची जाळी असेल तर ती मूळ जागीच अर्थ करा, दोन्ही टोकांना नाही. वायर अल्टरनेटर आणि कॉइलपासून लांबून न्या. उंदराची केस असेल तर पन्हाळी पाइप घालून वायरिंग झाका आणि गाडी उभी करायची जागा बदलता आली तर बघा. त्यापुढे बॉनेटमध्ये तंबाखू ठेवण्यापासून फिनेलपर्यंत सगळे उपाय करून बघितलेली मंडळी आहेत. उंदीर मात्र येतच असतात.

सेन्सर खरोखरच गेलेला निघाला तर मूळ कंपनीचाच घ्या. फटीच्या मापात जरा जरी फरक असलेला डुप्लिकेट बसवला तर हा सगळा खटाटोप परत पहिल्यापासून.

## टप्पा १०: खात्री

आता कोड पुसा, त्याआधी नाही. मग पहिल्या टप्प्यातली वही उघडा आणि तीच परिस्थिती पुन्हा आणा. तापल्यावर बंद पडत होती तर तापवा, पाण्याने होत होतं तर फवारा मारा, हलवल्यावर होत होतं तर तीच जागा हलवा. खडूची खूण अजून तिथे असेलच. चाचणी फेरीनंतर स्कॅनरवर पेंडिंग कोडचं पान बघा. दिवा लागलेला नसला तरी दोष आधी तिथे दिसतो.

गॅरेजमधून गाडी घेत असाल तर जुना सेन्सर आणि कापलेला वायरीचा तुकडा, दोन्ही मागून घ्या. कुठली जागा सापडली ते दाखवायला सांगा. "सेन्सर बदललाय, बघा आता चालवून" एवढंच उत्तर मिळालं तर दोष सापडलेला नाही असंच धरून चाला.

पाण्याचा दोष उन्हाळ्यात दुरुस्त केला असेल तर फवाऱ्याची चाचणी अपुरी असते. मृगाच्या पावसात एक-दोनदा महाबळेश्वरकडे जाऊन या आणि परत आल्यावर लगेच, इंजिन ओलं असतानाच, स्कॅनर लावा.